आधी घर, मग पाखरू

घरात एखादे पाखरू असावे आणि त्याच्या किलबिलाटाने सकाळ उजाडावी, ही हौस आपल्या भागास नवी नाही. बेळगावच्या जुन्या वाड्यांतील सोप्यावर किंवा निपाणीच्या पेठेतील दुकानाच्या दारात राघूचा पिंजरा टांगलेला असे. येणाऱ्याजाणाऱ्यास तो 'विठ्ठल विठ्ठल' म्हणून दाखवी आणि घरची मंडळी कौतुकाने हिरवी मिरची त्याच्यापुढे धरीत. पुढे काळ पालटला. अनेक वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि राघूच्या जागी निळी, पिवळी, पोपटी रंगांची चिमुकली परदेशी पाखरे आली. पालटला नाही तो फक्त पिंजरा. तो पूर्वी जेवढा होता तेवढाच आजही आहे. किंबहुना अधिकच आकसला आहे.

या पिंजऱ्याविषयी आमचे मत आम्ही आरंभीच सांगून टाकतो. ज्याने पाखराचे आकाश काढून घेतले, त्याने त्यास निदान पंख पसरून उडता येईल एवढी मोकळी जागा आणि निर्धास्त झोप दिली पाहिजे. हे पाखरावर केलेले उपकार नव्हेत; ते आपले देणे आहे. हे देणे फेडण्याचा उत्तम मार्ग म्हणजे अंगणात किंवा परसात बांधलेले, ऊन-वारा लागणारे परंतु पूर्णतः सुरक्षित असे पक्षिगृह. ते बांधणे ज्यास जमत नसेल त्याने पाखरू पाळू नये, असे म्हणण्यास आम्हांस मुळीच संकोच वाटत नाही. आधी घर, मग पाखरू, हाच क्रम योग्य होय.

तथापि कोणते पाखरू पाळावे हा प्रश्न घराच्याही आधीचा आहे. आपला राघू, मैना, मुनिया, तितर हे पक्षी या भूमीचे आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांस अभय दिले असून १९९०-९१ पासून देशी रानपक्ष्यांच्या खरेदी-विक्रीस बंदी आहे. म्हणजे वाड्यातील आजोबांचा राघू कितीही लाडका असला, तरी आज बाजारातून राघू आणून पिंजऱ्यात ठेवणे हा अपराध आहे. पुष्कळ कुटुंबांस हे अद्याप ठाऊक नसते. ढोलीतून काढलेली पिले टोपलीत घालून विकावयास आलेल्या माणसाची दया येऊन कोणी ती विकत घेतो. परंतु त्या दयेमुळेच पुढील वर्षी आणखी ढोल्या रिकाम्या होतात, हे त्याच्या ध्यानात येत नाही. असा पक्षी घरात असल्यास तो गच्चीवरून एकाएकी उडवून देऊ नये. त्यास अन्न शोधण्याची सवय राहिलेली नसते आणि शत्रूची ओळखही राहिलेली नसते. वनखात्यास कळवून तो त्यांच्या स्वाधीन करणे हेच योग्य.

मग पाळण्यास उरतात ती माणसाच्या हाताखाली पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली परदेशी पाखरे. आपल्याकडे सर्रास ज्यास 'लव्हबर्ड' म्हणतात, तो बहुधा खरा लव्हबर्ड नसतोच. तो असतो ऑस्ट्रेलियाचा बजरीगार. पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्ड याने १८४० साली तो प्रथम जिवंत इंग्लंडात नेला आणि तेथून तो जगभर घरोघर पोचला. डोक्यावर तुरा मिरविणारा कॉकटील आणि लाल चोचीची झेब्रा फिंच हीही ऑस्ट्रेलियाकडचीच. या तिन्ही जाती आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या यादीत नाहीत. खऱ्या लव्हबर्डच्या काही जाती आणि मोठे परदेशी पोपट मात्र त्या यादीत आहेत, आणि २०२२ साली वन्यजीव कायद्यात झालेल्या सुधारणेनुसार त्यांची सरकारदरबारी नोंद करणे बंधनकारक आहे. पाखरू घेण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी ही चौकशी करावी.

येथे एक आक्षेप येईल. कोणी म्हणेल, पक्षी पाळणेच जर दोषास्पद, तर सरळ पिंजऱ्याचे दार उघडून द्यावे. पक्षिगृहाचा खटाटोप हवा कशाला? हा आक्षेप ऐकावयास उदात्त वाटतो, पण व्यवहारात तो निष्ठुर आहे. पिंजऱ्यात जन्मलेला बजरीगार आपल्या आंबराईत सोडला तर स्वातंत्र्य उपभोगावयास तो फार काळ जिवंत राहत नाही. त्याचा लखलखीत रंग कावळ्यांच्या नजरेत भरतो, आणि रानात दाणे शोधावेत कसे हे त्यास कोणी शिकविलेले नसते. शिवाय परदेशी जीव आपल्या निसर्गात सोडणे हे येथील पाखरांच्याही हिताचे नाही. जो जीव आपणच परावलंबी केला त्यास दाराबाहेर ढकलून 'मुक्त केले' असे म्हणणे म्हणजे जबाबदारीतून आपण मुक्त होणे होय.

याउलट दुसरा पक्ष म्हणतो, घरातील पिंजऱ्यात पाखरू सुखरूप आहे. त्यास बाहेर नेऊन संकटात का घालावे? यालाही उत्तर आहे. पक्ष्याचे सारे शरीर उडण्यासाठी घडले आहे. त्याची पुष्कळशी हाडे पोकळ, छातीचे स्नायू बळकट, आणि फुप्फुसांस जोडलेल्या वायुकोशांमुळे त्याचा श्वास आपल्याहून कितीतरी कार्यक्षम. हातभर पिंजऱ्यात त्यास फक्त एका दांडीवरून दुसऱ्या दांडीवर उडी मारता येते. व्यायामावाचून तो स्थूल होतो, कंटाळून स्वतःची पिसे उपटतो. त्याचा कार्यक्षम श्वासच घरात त्याचा घात करू शकतो. हवेतील विष पक्ष्यास माणसाआधी बाधते. म्हणून तर इंग्लंडातील कोळशाच्या खाणींत १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी धोक्याची सूचना देण्यासाठी नेत असत. आज आपल्या स्वयंपाकघरातील न चिकटणारा तवा रिकामा तापून राहिला, तर त्यातून निघणाऱ्या वाफेने शेजारच्या खोलीतील पाखरू मरू शकते. तेव्हा घरातील पिंजरा सुखरूप ही समजूतच मुळी खरी नव्हे.

पण म्हणून आहे तो पिंजरा उचलून अंगणातील पेरूच्या फांदीस टांगला म्हणजे पक्षिगृह झाले, असेही नाही. आपले अंगण किती जणांचे आहे हे रात्री कळते. मांजर आणि बोका तर घरचेच. त्यांखेरीज मुंगूस, घूस, उंदीर, कौलांवरून फिरणारे उदमांजर, धामण, नाग हे सारे आपल्या आधीपासूनचे रहिवासी आहेत. दिवसा शिक्रा झेप घालतो आणि कावळा चोच खुपसतो. यांपैकी कोणाचाही राग धरण्याचे कारण नाही. सापाने भक्ष्य शोधावे आणि मांजराने झडप घालावी हा त्यांचा धर्मच आहे. पाखरू गेले तर दोष मांजराचा नसून फटीचा असतो, आणि फट ठेवणारे आपण असतो. नागपंचमीस ज्याची पूजा करावयाची, त्यालाच पक्षिगृहात शिरला म्हणून काठीने ठेचावयाचे, ही वेळ चांगल्या बांधणीने टळते. सुरक्षित पक्षिगृह पाखरासही वाचविते आणि सापासही वाचविते.

आता बांधणीचा विचार करू. प्रथम जागा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. येथे पाऊस वर्षाकाठी हजार मिलिमीटरांहून अधिक, आणि तो पश्चिमेच्या व नैर्ऋत्येच्या वाऱ्यासह तिरपा झोडपणारा. खानापूर-जांबोटीकडे तो याहूनही दांडगा, तर निपाणी-चिकोडीकडे त्या मानाने बेताचा. आपली पाळीव पाखरे मूळची ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानांची. त्यांस उन्हापेक्षा आपल्या आषाढ-श्रावणातील ओलीचे भय अधिक. यास्तव पक्षिगृहाची पाठ पश्चिमेस व नैर्ऋत्येस असावी आणि ती भिंत पूर्ण भरीव असावी. तोंड पूर्वेस असावे, म्हणजे सकाळचे कोवळे ऊन आत येते आणि दुपारचे कडक ऊन पाठीवर थांबते. वळवाचा पाऊस मात्र कोणत्या दिशेने येईल याचा नेम नसतो. म्हणून उघड्या बाजूंस गुंडाळून ठेवता येईल असा जाड ताडपत्रीचा पडदा असू द्यावा. पौष-माघाच्या थंडीतही रात्री तोच उपयोगी पडतो.

जागा निवडताना शेजारही पाहावा. निपाणी ही तंबाखूची पेठ. तंबाखूतील निकोटीन पक्ष्यांस विषारी असते. म्हणून वखारीची धूळ जेथे उडते तेथे पक्षिगृह नको. गुऱ्हाळाच्या चुलाणाचा धूर, चुलीचे धुराडे आणि औषध फवारलेले शेत यांच्या वाऱ्याखालची जागाही टाळावी. मोठ्या झाडाची सावली हवी, पण थेट फांदीखाली बांधू नये. वादळात फांदी कोसळते आणि तिच्यावर बसणाऱ्या रानपक्ष्यांची विष्ठा आत पडते. घरातील माणसांच्या नजरेच्या टप्प्यातील जागा उत्तम. कारण जे सहज दिसते त्याचीच काळजी घेतली जाते.

दुसरी गोष्ट आकाराची. पाखरे आडवी उडतात. विहिरीतून पोहरा वर यावा तशी सरळ वर चढत नाहीत. म्हणून उंच आणि अरुंद घरापेक्षा लांबट घर श्रेयस्कर. दहाबारा बजरीगारांसाठी तीन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि दोन मीटर उंच एवढे घर पुरेसे होते, आणि माणसासही आत ताठ उभे राहून झाडलोट करता येते. त्यांतील एका टोकाचा एक मीटर भाग तिन्ही बाजूंनी बंद करून निवारा करावा. पाखरे रात्री आणि पावसात तेथे बसतात. घुमटाकृती, गोल, नक्षीदार अशी घरे पाहुण्यांच्या डोळ्यांस सुखवितात. पाखरास मात्र त्या नक्षीचा काही उपयोग नसतो.

तिसरी गोष्ट पायाची. आमच्या मते खरी परीक्षा येथेच होते, कारण तो दिसत नाही आणि म्हणूनच त्यात काटकसर होते. घूस आणि उंदीर वरून येत नाहीत, जमिनीखालून येतात. चारी बाजूंस सुमारे अर्धा मीटर खोल चर खणून पाया भरावा आणि त्यावर जमिनीपासून साठ सेंटिमीटर उंचीचे विटांचे जोते घ्यावे. जमीन काँक्रीटची करून तिला मीटरास दोन सेंटिमीटर एवढा उतार द्यावा, म्हणजे धुतलेले पाणी साचत नाही. पाणी जाण्याच्या मोरीस बारीक जाळी अवश्य बसवावी. सर्व घर भक्कम बांधून मोरी उघडी ठेवणे म्हणजे वेशीस कुलूप लावून खिंडार मोकळे सोडण्यासारखे आहे. धामण त्याच वाटेने येते. काँक्रीटचा खर्च झेपत नसेल, तर जमिनीखाली तीस सेंटिमीटरांवर जाळी अंथरून तिच्यावर वाळू आणि खडी पसरावी.

चौथी गोष्ट सांगाडा आणि जाळी. वेणुग्राम म्हणजे वेळूचे गाव. वेळू आपल्या बेळगावच्या नावातच आहे. तरी सांगाड्यासाठी वेळू घेऊ नये. त्यास भुंगा लागतो आणि पोपटाच्या कुळातील पाखरे तो चोचीने पोखरतात. बुरुडाने विणलेले तट्टे उन्हाळ्यात छपरावर सावलीसाठी घालावेत. त्यांसारखी गार सावली दुसरी नाही. सांगाडा मात्र लोखंडी चौकोनी नळ्यांचाच करावा. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम आणि जोडकाम जाणणारे कारागीर आहेत. निपाणी, संकेश्वर, चिकोडी येथेही दारे-खिडक्या करणारे जोडारी असतात. त्यांच्याकडे नीट मापे लिहून गेलो तर हे काम अवघड नाही. रंग शिशाविरहित असावा आणि तो पूर्ण वाळून त्याचा वास गेल्यावाचून पाखरे आत सोडू नयेत.

जाळीच्या बाबतीत फसगत फार होते. कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात ती षट्‌कोनी जाळी स्वस्त असते, पण ती मांजराच्या ओढीने वाकते आणि तिच्या भोकांतून लहान पाखराचे डोके अडकते. सांधे जोडलेली चौकोनी जाळी, बारा मिलिमीटर घराची आणि निदान एक मिलिमीटर जाड तारेची, हीच घ्यावी. एवढ्या घरातूनही उंदराचे पिलू शिरते. म्हणून जोत्याच्या वरच्या काठास गुळगुळीत पत्र्याची रुंद पट्टी बसवावी, म्हणजे उंदरास चढता येत नाही. पाखरांस रात्री जाळीस लटकून झोपण्याची सवय असते आणि बोका बाहेरून पंजा घालून त्यांचे पाय ओरबाडतो. याकरिता जाळी दुहेरी असावी, दोन्हींमध्ये पाच सेंटिमीटर अंतर ठेवून. निदान निवाऱ्याजवळ आणि छपराखाली तरी असावीच. आणखी एक सावधगिरी अशी की, नव्या जाळीवरील जस्ताचे पापुद्रे पाखरे चोचीने टिपतात आणि त्यांतून विषबाधा होते. जाळी बसविण्यापूर्वी शिरक्याच्या पाण्याने ब्रशने खसखसून धुवावी आणि काही आठवडे ऊन-पावसात पडू द्यावी.

पाचवी गोष्ट दाराची. जुन्या वाड्यास देवडी असे. बाहेरचा मनुष्य एकदम चौकात येत नसे. प्रथम देवडीत थांबे. पक्षिगृहास तशीच देवडी हवी. बाहेरचे दार उघडून आत यावे, ते लावावे, आणि मगच आतले दार उघडावे. दोन्ही दारे एकाच वेळी उघडी असू नयेत, हा नियम घरातील लहानथोरांनी पाळावा. पाखरू उडून गेल्याच्या ज्या कथा आपण ऐकतो, त्यांतील पुष्कळशा एकाच दाराच्या आहेत. दार आतल्या बाजूस उघडणारे, उंचीने थोडे कमी आणि कडीकोयंड्याचे असावे. नुसती खिट्टी मांजर पंजाने सरकवू शकते.

छपराचा निम्मा भाग, म्हणजे निवाऱ्यावरचा आणि अन्नपाण्याच्या जागेवरचा, पक्का झाकावा. आपल्याकडची मंगळुरी कौले यास उत्तम. पत्रा घातल्यास उन्हाळ्यात तो तापतो आणि पावसात त्याच्या आवाजाने पाखरे बिचकतात. कौलांखाली जाळी मात्र हवीच, कारण कौल सरकले की वाट झालीच. उरलेला निम्मा भाग जाळीचा ठेवावा, म्हणजे श्रावणसरीत भिजण्याची हौस असलेल्या पाखरास भिजता येते आणि नको असलेल्यास आत जाता येते. ही निवड त्याच्याकडे ठेवणे, यातच पिंजरा आणि घर यांमधील अंतर आहे, असे आम्ही समजतो.

आतील मांडणी सोपी आहे. एकसारख्या गुळगुळीत दांड्यांऐवजी पेरू, कडुलिंब, बाभूळ यांच्या कमीअधिक जाडीच्या फांद्या लावाव्यात. त्यांनी पाय निरोगी राहतात. मध्यभाग उडण्यासाठी मोकळा सोडावा. अन्नपाण्याच्या वर फांदी लावू नये, म्हणजे विष्ठा त्यात पडत नाही. कण्हेर, धोतरा, रुई, घाणेरी, एरंड ही झाडे आत तर नकोतच, पण चोच पोचेल इतकी जवळही नकोत. पाण्यासाठी खानापूरच्या कुंभाराची पसरट परळ चांगली. मात्र ती रोज घासून, अधूनमधून उन्हात तापवून घ्यावी. खाण्यास राळे, वरी, बाजरी ही आपल्याच शेतांतील धान्ये. जोडीस धुतलेली कोथिंबीर, पालक, शेवग्याचा पाला, आणि चुन्यासाठी समुद्रफेस. नुसत्या दाण्यांवर पाखरू जगते, पण ते निरोगी राहत नाही. चिवडा, चॉकलेट, खारे पदार्थ आणि अव्हाकाडो कधीही देऊ नयेत. बेळगावचा कुंदा पाहुण्यास द्यावा, पाखरास नव्हे.

घरटी करण्यासाठी मडकी टांगण्यापूर्वी दोनदा विचार करावा. मडके दिसले की बजरीगार अंडी घालतात, आणि वर्षभरात बारांची संख्या दुप्पट-तिप्पट होते. घर मात्र तेवढेच राहते. पिलांस पुढे जागा कोण देणार हे ठरलेले नसेल, तर मडके टांगूच नये. गर्दी झालेले मोठे घर आणि लहान पिंजरा यांत पाखराच्या दृष्टीने भेद नाही.

आरोग्याविषयी थोडे. नवे पाखरू आणल्यास ते तीस दिवस वेगळे ठेवून मगच इतरांत सोडावे. दमट दिवसांत दाण्यांवर बुरशी धरते आणि ती पाखरांच्या श्वासमार्गात रोग उत्पन्न करते. म्हणून पावसाळ्यात दाणे थोडे थोडे घालून उरलेले रोज काढावेत. पोपटवर्गीय पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून सिटॅकोसिस नावाचा ज्वर माणसास होऊ शकतो. तेव्हा जमीन कोरडी झाडू नये, आधी पाणी शिंपडावे, नाकातोंडास फडके बांधावे आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला. भारतात हा रोग आढळण्याची ती पहिली वेळ. त्यानंतर तो देशाच्या निरनिराळ्या भागांत पुनःपुन्हा डोके वर काढीत आला आहे. अशी साथ जवळपास असेल तेव्हा रानपक्ष्यांचा आणि आपल्या पाखरांचा संपर्क तोडणारे पक्के छप्पर किती मोलाचे, हे निराळे सांगणे नलगे. दिवाळीत फटाक्यांच्या आणि मिरवणुकीत ढोलताशांच्या आवाजाने रात्री पाखरे अंधारात उधळतात व जाळीवर आपटतात. त्या दिवसांत पडदे सोडून निवाऱ्यात मंद दिवा ठेवावा.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, एवढा खर्च आणि एवढी यातायात सामान्य कुटुंबास कशी परवडावी? आम्ही म्हणतो, ती न परवडणे हेसुद्धा एक प्रामाणिक उत्तर आहे. सायकल परवडत नसेल तर आपण अर्धी सायकल घेत नाही. मग घर परवडत नसता पाखरू का घ्यावे? दुसरा मार्ग सहकाराचा आहे. एका गल्लीतील चार कुटुंबांनी मिळून एक चांगले पक्षिगृह बांधणे हे चार घरांत चार कोंदट पिंजरे टांगण्यापेक्षा खर्चात फारसे अधिक नाही आणि समाधानात कितीतरी अधिक आहे.

शाळेच्या आवारात पक्षिगृह असावे अशीही सूचना वारंवार ऐकू येते. तिचा आम्ही आदर करतो. परंतु एक प्रश्न विचारतो. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी कोण घालणार? लोखंड, जाळी आणि कौले यांचा हिशेब करणे सोपे आहे; एप्रिल-मे महिन्यांतील भर दुपारच्या पाळ्यांचा हिशेब करणे कठीण. ज्या शाळेत सुट्टीतील प्रत्येक दिवसापुढे दोन नावे लिहिलेला तक्ता आधी तयार होईल आणि त्यावर पालकांच्या सह्या होतील, तिने खुशाल पाया खणावा. तो तक्ता भरला नाही तर पायाही खणू नये. उत्साहाच्या भरात उद्‌घाटन करावयाचे आणि सुट्टीत विसरून जावयाचे, यापेक्षा मोठा निर्दयपणा दुसरा नाही.

मोठी पक्षिगृहे पाहून दिपून जाण्याचेही कारण नाही. आपल्याच राज्यात म्हैसूर येथील श्री गणपती सच्चिदानंद आश्रमाचे 'शुकवन' आहे; एका पक्षिगृहातील सर्वाधिक जाती म्हणून २०१७ साली तेथील ४६८ जातींची गिनीज पुस्तकात नोंद झाली. मुंबईच्या राणीच्या बागेत २०२० पासून प्रेक्षकांस आत शिरून पाखरांमधून चालता येईल असे भव्य पक्षिगृह आहे. ही स्थळे अवश्य पाहावीत. परंतु त्यांच्या पाठीशी पशुवैद्य, सेवक आणि मोठा निधी उभा असतो. त्यांच्या आकाराचे अनुकरण आपण करू शकत नाही. त्यांच्या दक्षतेचे मात्र करू शकतो, आणि दक्षतेस पैसा थोडाच लागतो.

आणि ज्यांस पक्षिगृह बांधणे शक्य नाही त्यांनी खिन्न होऊ नये. गोकाक तालुक्यात धुपदाळ येथे घटप्रभेच्या जलाशयावर १९७४ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तेथे क्रौंच आणि पांढरे करकोचे हजारो कोस ओलांडून येतात. त्यांस जाळी नाही, छप्पर नाही, दाणे घालणारा कोणी नाही; फक्त त्रास न देणारा प्रेक्षक त्यांस हवा आहे. घरी गच्चीच्या कठड्यावर सावलीत पाण्याची एक परळ ठेवली, तर बुलबुल, चिमण्या आणि साळुंक्या आपण होऊन भेटीस येतात. त्यांस उडून जाण्याची मोकळीक असते, म्हणूनच त्यांचे येणे अधिक गोड.

पाठांतर करणाऱ्या मुलास हिणविण्यासाठी आपण 'पोपटपंची' हा शब्द वापरतो. विचार केला तर हा पोपटावर अन्याय आहे. त्याने बोलावे म्हणून आपणच त्यास कोंडले, आपणच पढविले, आणि मग त्याच्याच नावाने दुसऱ्यास नावे ठेविली! विद्यार्थिमित्रहो, दया हा शब्दही असाच पोपटपंचीचा होऊ शकतो. भूतदयेवर निबंध लिहून चांगले गुण मिळविणे सोपे. मोरीच्या भोकास जाळी बसली की नाही हे संध्याकाळी कंदील घेऊन पाहणे कठीण. घरात पाखरू आणण्याचा हट्ट धराल तेव्हा आईवडिलांकडे प्रथम पाखराची मागणी करू नका. कागदावर घराचा आराखडा काढा, लांबी-रुंदी-उंची लिहा, पायाची खोली लिहा, रोजच्या कामापुढे स्वतःचे नाव लिहा, आणि तो कागद त्यांच्यापुढे ठेवा. आराखडा पूर्ण झाला, घर उभे राहिले, दोन्ही दारांच्या कड्या नीट लागू लागल्या, एक पावसाळा त्या छपराने गळल्यावाचून काढला, म्हणजे मग खुशाल पाखरे आणा. तोवर ते घर रिकामेच राहिले तरी बिघडत नाही. रिकाम्या घरात कोणाचा जीव जात नाही.